सिद्धव्वाचा आवाज कुणी पुसला?

१

सिद्धव्वाला जाऊन महिना होत आला होता. त्या दुपारी तिचा आवाजही गेला.

उन्हाळ्याचे दिवस होते. वीज गेली आणि गल्लीच्या टोकाला चालणारे यंत्रमाग एकदम थांबले. सोलापूरच्या आमच्या भागात मागांची खटखट सुरू असली की माणूस गाढ झोपतो, ती थांबली की दचकून जागा होतो. सोजरबाई तशाच जाग्या झाल्या. स्वप्नात त्या कुठल्यातरी रिकाम्या फलाटावर उभ्या होत्या आणि गाडी आवाज न करता पुढून निघून जात होती. डोळे उघडले तर दारात ईश्वरप्पा उभे.

ईश्वरप्पांचं पूर्वी भुसार मालाचं दुकान होतं. आता दुकान बंद होतं आणि बायकोही गेली होती. त्यांच्या तळहातावर नखाएवढं काळं कार्ड होतं, त्यावर विभूतीची पांढरी धूळ.

"सोजरबाई, चोरी झालीय. पोलिसात सांगायची लाज वाटतीय म्हणून तुमच्याकडं आलो."

"मीबी पोलीसच की, अण्णा."

"तुमी रिटायर."

"मग सांगा. रिटायर माणसाला सांगायला लाज नसती."

सोजरबाई रेल्वे पोलिसात हवालदार होत्या. लोकांची हरवलेली बोचकी शोधण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि ऐकून घेतलं.

सिद्धव्वाला लिहिता येत नव्हतं. लेकीनं फोनवर आवाज भरायला शिकवलं, तेव्हापासून ती सगळं फोनला सांगायची. जात्यावरची गाणी, काही कानडी, काही मराठी. वाण्याकडून काय आणायचं ते. शेंगाची चटणी कशी कुटायची ते. सुनेला दिलेल्या शिव्यासुद्धा. ते सगळं या कार्डात होतं. ती गेल्यावर कुणाला ऐकायचा धीर झाला नाही. देवघरात विभूतीच्या डबीत कार्ड ठेवलं होतं. आज मुलाच्या फोनमध्ये घातलं.

"आणि?"

"काय न्हाय. एक शब्द न्हाय." ईश्वरप्पांनी मूठ मिटली. "ती डबी रोज एकच माणूस उघडतंय. माजी सून. मी आज तिच्या हातचं जेवलो न्हाय, सोजरबाई. आन् आवाज मिळत न्हाय तवर तिच्या हातचं जेवणार न्हाय."

२

ईश्वरप्पांच्या घरात शिरलं की भिंतीवरचा सिद्धव्वाचा फोटो आधी दिसायचा. फोटोतली सिद्धव्वा काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी होती. सोजरबाईंना वाटलं, आत्ता वाक्य पुरं करेल.

सून अंकिता स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यात झाकलेलं ताट.

"मावशी, तुम्हीपण उलटतपासणी घ्यायला आलाय?"

"व्हय. आन् चहा प्यायला."

अंकितानं डोळे पुसले, चहा ठेवला. मग आपणहून म्हणाली, "त्यात माझ्या शिव्या होत्या, हे गल्लीला माहिती आहे. माझ्या भाकरीला त्या कातडं म्हणायच्या. फोनमध्ये भरून माझ्याच आईला ऐकवलं होतं. पुसायचं असतं तर त्या जिवंत असतानाच पुसलं असतं की."

"तेवा का न्हाय पुसलंस?"

"त्यांनी अजून मोठ्यांदा भरल्या असत्या."

सोजरबाईंना हसू आलं. अंकितालाही आलं, पण ते तिनं लगेच आवरलं. बाहेरच्या खोलीत सासरे बसले होते.

"कार्ड तुज्या फोनात घातलं हुतंस का?"

अंकितानं गॅस बारीक केला. पातेल्यातला चहा वर आला, खाली बसला.

"एकदा," ती हळू म्हणाली. "कार्य झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. घर लई शांत झालं होतं. म्हटलं, शिव्या तर शिव्या. पण काहीच लागलं नाही. फोन म्हणाला, हे कार्ड चालत नाही, वापरायचं तर फॉरमॅट करा."

"मग?"

"मी घाबरून काढलं आणि डबीत ठेवलं. कुणाला बोलले नाही."

"का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर आज जे झालं, ते त्याच दिवशी झालं असतं."

सोजरबाईंनी चहा संपवला. म्हणजे आवाज आज गेला नव्हता. डबीत येण्याआधी किंवा आल्या आल्याच गेला होता. आणि तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

३

मुलगा शिवपुत्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सोजरबाई तिथं गेल्या तेव्हा पाळी सुटत होती. केसांना, भुवयांना कापसाचा भुगा लागलेली माणसं सायकली काढत होती. झोपेतून चालत आल्यासारखी सगळी पांढरी. त्यातलाच एक शिवपुत्र.

"मावशी, हितं कशाला आलात? घरी बोललो असतो की."

"घरी तुजा बाप ऐकत बसतोय. हितं मागाच्या आवाजात कुणाला ऐकू येत न्हाय. सांग, अव्वानं तुजं काय भरून ठेवलं हुतं?"

त्यानं भुवया झटकल्या. "तुमाला कुणी सांगितलं?"

"आत्ता तूच."

तो कसनुसा हसला. इचलकरंजीच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं होतं. जागा मोठी होती. अव्वा, म्हणजे आई, आजारी असताना त्यानं तिच्या अंथरुणाशी शब्द दिला होता की अप्पांना एकटं सोडून जाणार नाही. अव्वानं तोही शब्द फोनमध्ये भरून घेतला होता.

"आन् तुला जायचं हाय."

"हाय." त्यानं मान खाली घातली. "पण मावशी, शब्द फोनात नसता तरी दिलेलाच होता की. पुसून काय फिटतोय?"

"कार्ड तुज्या फोनात घातल्यावर काय झालं?"

"म्हणालं, फॉरमॅट करा. मी न्हाय केलं. अप्पा शेजारीच हुते."

वळसंगला सोजरबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं गेल्या. तिथं लेक भुवनेश्वरीचं सासर. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मावशींना बघून तिनं सूप तसंच ठेवलं आणि गळ्यात पडली.

"गाणी मला पायजे हुती," ती म्हणाली, "मी लपवत न्हाय. आईची गाणी लेकीकडं जातात. मी कार्ड मागितलं, अप्पा न्हाय म्हणाले. मी भांडले, रडले, हिकडं आले."

"मागायच्या आधी घेऊन बघितलं न्हाय?"

"बघितलं असतं तर घेऊनच आले असते, मावशी!" ती रागानं म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "ते कार्ड मीच बसवून दिलं हुतं अव्वाला. फोन सारखा म्हणायचा, जागा न्हाय, जागा न्हाय. अव्वा म्हणायची, एवढं मोठं माजं घर, ह्याला कुटली जागा कमी पडतीय? मग हितल्या दुकानातनं कार्ड आणलं. फोननं काहीतरी विचारलं. दोनातलं एक निवडा म्हणाला. मी निवडलं. त्यानंतर एकदाबी जागा न्हाय म्हणाला न्हाय."

"दोनातलं कुठलं निवडलंस?"

भुवनेश्वरी ज्वारीकडं बघत राहिली. "आठवत न्हाय. ज्यात जागा जास्त म्हणाला, ते."

परतीच्या एसटीत सोजरबाईंना डुलकी लागली. खिडकीबाहेर उन्हात शेतं पाण्यासारखी हलत होती. त्या पाण्यात सिद्धव्वा उभी राहून बोलत होती, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मध्ये काच होती. सोजरबाई काचेवर हात मारत होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, स्टँड आलं. खिडकी फोडू नका."

४

स्टँडवरून त्या घरी गेल्या नाहीत. नव्या पेठेत मोबाइलच्या दुकानांची रांग आहे, तिथं गेल्या. त्यांच्या स्वतःच्या फोनलाही जागा कमी पडत होतीच. त्यांनी एक नवीन कार्ड घेतलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "माज्यासमोर बसव. आन् फोन काय काय विचारतोय ते मला वाचून दाखव."

दुकानदाराचं नाव गुरुशांत. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तोही निवांत होता. त्यानं पिनेनं फोनच्या कडेचा कप्पा बाहेर काढला, कार्ड बसवलं आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

"हे बघा, मावशी. फोन विचारतोय, कार्ड सुटं ठेवायचं का फोनचाच भाग करायचा?"

"फरक काय?"

"सुटं ठेवलं तर ते पिशवीसारखं. आज या फोनला, उद्या त्या फोनला. फोटो, गाणी काय ते त्यात ठेवा. आन् फोनचाच भाग केला तर फोन त्याला आपल्यात घेतो. जागा वाढती, ॲपबी त्यात बसतात. पण मग ते कुलपात जातं. किल्ली त्याच फोनात राहती."

सोजरबाईंनी चष्मा काढला. "दुसऱ्या फोनात घातलं तर?"

"दुसऱ्याला ते कळतच न्हाय. म्हणतो, कार्ड चालत न्हाय, फॉरमॅट करा."

"आन् केलं फॉरमॅट तर?"

"गेलं सगळं. कार्ड कोरं."

"कोरं झाल्यावर पुन्हा दुसऱ्या फोनात घातलं तर फोन काय म्हणंल?"

"काय म्हणंल? काय न्हाय. गपचूप घेईल की. रिकामं दाखवंल."

सोजरबाई स्टुलावर बसून राहिल्या. दुकानातला पंखा हळू फिरत होता. गुरुशांतला वाटलं, मावशींना ऊन लागलं. त्यानं पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"पोरा," त्या म्हणाल्या, "माजं सुटंच ठेव. आन् एक सांग. किल्लीचा फोन कुणी पुसला तर?"

"पुसला म्हणजे रीसेट केला? मग संपलं, मावशी. कुलूप हाय, किल्ली न्हाय. देवबी उघडू शकत न्हाय."

सोजरबाई इतक्या घाईनं उठल्या की चष्मा काउंटरवरच राहिला. गुरुशांत हाका मारत मागं धावला.

५

संध्याकाळी त्यांनी ईश्वरप्पांच्या घरी सगळ्यांना बसवलं. भुवनेश्वरीलाही बोलावून घेतलं होतं. ती भावापासून लांब बसली, भाऊ बायकोपासून लांब. ईश्वरप्पा दोन दिवस शेजाऱ्यांकडच्या डब्यावर होते. डोळे खोल गेले होते.

"अंकिता, कार्ड तुज्या फोनात घाल."

"मी हात लावणार नाही, मावशी."

"मी सांगतीय. घाल."

तिनं घातलं. फोननं आवाज केला. तिनं वाचलं, "हे कार्ड चालत नाही. वापरण्यासाठी फॉरमॅट करा."

"ऐकलं?" सोजरबाई म्हणाल्या. "कार्यानंतर अंकितानं घातलं तेवा हेच म्हणालं. शिवपुत्रानं घातलं तेवाबी हेच. आत्ताबी हेच. अरे, कुणी हे कार्ड पुसलं असतं, तर त्यानं असं विचारलं असतं का? पुसलेलं कार्ड गप बसतंय. हे अजून विचारतंय, म्हंजे ह्याला कुणी पुसलेलं न्हाय. सूनबाईनं न्हाय, लेकानं न्हाय, लेकीनं न्हाय."

"आवाज आत हाय?" ईश्वरप्पा म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

"हाय. पण कुलपात. भुवनेश्वरीनं जागा वाढावी म्हणून कार्ड फोनचाच भाग करून टाकलं. तिची चूक न्हाय, त्याशिवाय तिच्या आईचं एवढं बोलणं मावलंच नसतं. पण तवापासनं हे कार्ड त्या एकाच फोनाला ओळखतंय. अण्णा, आता तुमाला विचारते. त्या फोनातनं कार्ड भाईर कुणी काढलं?"

ईश्वरप्पांची नजर देवघराकडं गेली.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू घरात ठेवत नाहीत. कार्य झालं की साडी, ताट, तांब्या, जे काही तिच्या हातात रोज असायचं ते देऊन टाकायचं. सिद्धव्वाची सगळ्यात वापरातली वस्तू म्हणजे फोन. तिची शेवटपर्यंत उठबस ज्या बाईनं केली, त्या होटगीच्या शरणम्माला साडीबरोबर फोनही दिला होता. द्यायच्या आधी, देवघराच्या उंबऱ्यात बसून, ईश्वरप्पांनी कानातल्याच्या काडीनं फोनचा तो बारका कप्पा उघडला होता.

"मी काढलं," ते म्हणाले. "म्हटलं, वस्तू द्यायची असती. आवाज कसा द्यायचा?"

"म्हंजे चोर सापडला," सोजरबाई म्हणाल्या, पण मऊ आवाजात.

ईश्वरप्पा सुनेकडं बघू शकले नाहीत. आणि शिवपुत्र एकदम उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"मावशी, शरणम्माचा फोन आला हुता मला. चार दिस झाले. म्हणत हुती, फोन सारखं कायतरी मागतोय, वाचता येत न्हाय, काय करू? मी कामात हुतो. म्हटलं... दुकानात ने आणि सगळं पुसून घे."

६

रात्री शरणम्माला फोन लावला, लागला नाही. सकाळी रिक्षा करून निघाले. ईश्वरप्पा, सोजरबाई आणि अंकिता. अंकिताला सोजरबाईंनीच ओढून घेतलं. होटगीच्या फाटकाशी मालगाडी आडवी आली. डबे संपेचनात. एकामागून एक तपकिरी डबा, मध्ये पलीकडच्या शेताची चिंधी, पुन्हा डबा. ईश्वरप्पा डोळे मिटून ओठ हलवत होते. जप करत होते की कुणाशी बोलत होते, कळत नव्हतं.

शरणम्मा दारात गोवऱ्या रचत होती. हात धुवायच्या आधीच तिनं विचारलं, "काय झालं, अण्णा? कोण गेलं?"

"कोण न्हाय गं," सोजरबाई म्हणाल्या. "सिद्धव्वाचा फोन कुटं हाय?"

"हाय की. पण लई तरास देतोय. दुकानात नेला परवा. तो पोरगा म्हणला, सगळं पुसतो, मग गप बसंल."

ईश्वरप्पांनी दाराची चौकट धरली.

"पुसला?" अंकितानं विचारलं.

"न्हाय बा! मी परत आणला." शरणम्मानं पदराला हात पुसले. "फोन दिला हे खरं. माजा झाला. पण आत अक्कानं काय काय ठेवलं असंल, ते मला दिलंय का न्हाय, कुणी सांगितलं न्हाय. न दिलेलं मी कसं पुसायचं? म्हटलं, अण्णांना विचारू. मग ज्वारीची काढणी निघाली."

तिनं फळीवरून फोन आणला. काच एका कोपऱ्यात तडकलेली. अंकितानं पडद्यावरचं वाचलं. फोन म्हणत होता, कार्ड परत घाला. इतके दिवस तो हेच म्हणत होता, आणि सोलापुरात कार्ड फॉरमॅट करा म्हणत होतं.

अंकितानं कार्ड ईश्वरप्पांपुढं धरलं. त्यांनी हात मागं घेतला. "दिलेल्या वस्तूला आता मी हात लावायचा न्हाय."

"तुमी नका लावू," शरणम्मा म्हणाली. "फोन माजा हाय. माज्या घरात ऐका. ह्या पोरीला बसवू द्या की."

अंकितानं कार्ड बसवलं. फोननं बराच वेळ घेतला. बाहेर शेळी ओरडली, कुठंतरी इंजिनानं शिट्टी दिली. मग पडद्यावर एकाखाली एक आवाज येऊ लागले, खाली खाली, संपेचनात. त्यांना नावं नव्हती, नुसत्या तारखा. अंकितानं वरचाच दाबला. तो शेवटचा होता.

आधी खोकला. मग भांडं सरकवल्याचा आवाज. मग सिद्धव्वा, अगदी जवळ, थकलेली.

"शरणे, हे कुटं गेले गं?"

"आत्ता हितं हुते की, अक्का. भाईर गेल्यात."

"उनात?"

"व्हय."

थोडा वेळ नुसता श्वास. फोन बंद करायचा ती विसरली असावी.

"आले की म्हणावं, हितंच बसा. मला काय नको. नुसतं बसा."

शरणम्मानं तोंडाला पदर लावला. "मी सांगायची इसरले, अण्णा," ती म्हणाली. "त्या दिवशी लई धावपळ झाली."

ईश्वरप्पा जमिनीवर बसले. फोनच्या बाजूला, हात न लावता. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बसलोय," ते फोनला म्हणाले.

आवाज संपला. पडदा अंधारला. सोजरबाई दाराबाहेर बघत राहिल्या, तिथं ऊन उभं होतं.

"अंकिता," ईश्वरप्पा म्हणाले. मान वर न करता त्यांनी सरकून शेजारी जागा केली. "बस हितं, पोरी. परत लाव."